परवान्याचा विलंब आणि स्कॉटलंडची न्यायालये



शासनसंस्थेविरुद्ध नागरिकाने न्यायालयात धाव घेतली असे ऐकले की एखादा जुलमी हुकूम डोळ्यांपुढे उभा राहतो. घर पाडण्याची नोटीस आलेली असते, चालू धंद्याचा परवाना रद्द झालेला असतो. अशा वेळी आव्हान द्यावयास निदान काहीतरी हाती असते. कागद असतो, त्यावर तारीख असते, खाली सही असते. आजच्या व्याख्यानाचा विषय याहून अवघड आहे. अर्ज केला, शुल्क भरले, पोच मिळाली, आणि त्यानंतर कचेरीतून होकारही आला नाही आणि नकारही आला नाही, अशा माणसाने काय करावे? नकार देणाऱ्याला कारणे विचारता येतात. गप्प बसणाऱ्याला काय विचारावयाचे? अपील निर्णयाविरुद्ध होत असते. निर्णयच नसेल तर अपिलाला आधार कोठला? या पेचातून स्कॉटलंडच्या कायद्याने जी वाट काढली ती काहीशी अनपेक्षित आहे. विलंबाचे समर्थन करण्यासाठी न्यायालयाची पायरी प्रथम अर्जदाराने चढावयाची नसून कौन्सिलने चढावयाची, असे त्या कायद्याने ठरविले.

प्रथम हे परवाने कशाचे ते पाहिले पाहिजे. स्कॉटलंडमधील शहरांचा दैनंदिन कारभार पूर्वी १८९२ च्या बर्ग पोलीस कायद्यावर आणि जागोजागच्या स्थानिक कायद्यांवर चालत असे. १९७५ साली जुन्या नगरसंस्था जाऊन प्रांतिक, जिल्हा आणि द्वीप कौन्सिले आली, तेव्हा ही विस्कळीत घडी नव्याने बसविणे भाग पडले. त्यातून १९८२ चा 'सिव्हिक गव्हर्नमेंट (स्कॉटलंड) ॲक्ट' जन्मास आला. टॅक्सी व भाड्याची मोटार, रस्त्यावरील विक्री, बाजार भरविणे, जुन्या वस्तूंचा व भंगाराचा व्यापार, भाड्याच्या नावा, सार्वजनिक करमणूक, रात्री ११ नंतर पहाटे ५ पर्यंत खाद्यपदार्थ विकणे, अशी या कायद्यातील धंद्यांची यादी आहे. खिडक्यांच्या काचा पुसून पोट भरणाऱ्या माणसाचाही त्या कायद्याने विचार केलेला आहे. परवाना देणारी सत्ता प्रारंभी जिल्हा व द्वीप कौन्सिलांकडे होती. १९९६ च्या पुनर्रचनेपासून ती ३२ कौन्सिलांकडे आली. मद्यविक्रीचा परवाना मात्र या कायद्यात येत नाही. त्यासाठी निराळी मंडळे आणि निराळा कायदा आहे, आणि तो विषय येथे बाजूला ठेवणेच इष्ट.

यादीवर नजर टाकली तर एक गोष्ट ध्यानात येते. हे धंदे बहुतांशी लहान माणसांचे आहेत. ज्याच्यापाशी मोठे भांडवल नाही, पण एक मोटार आहे, एक हातगाडी आहे किंवा नाक्यावरचे एक तळणाचे दुकान आहे, अशांचे हे धंदे होत. ज्या धंद्याला परवाना आवश्यक आहे तो परवान्याविना करणे हा गुन्हा ठरतो. म्हणजे अर्ज पडून असेपर्यंत अर्जदाराने हात बांधून बसावयाचे.

समजा, ग्लासगोच्या एका वस्तीत कोणी मासे आणि बटाट्याचे काप तळून विकण्याचे दुकान घेतले. त्या धंद्याची खरी कमाई रात्री, नाटक-सिनेमा सुटल्यावर आणि मद्यगृहे बंद होण्याच्या सुमारास होते. अकराच्या ठोक्याला दार लावावे लागले तर दिवसाच्या विक्रीवर दुकानाचे भाडेदेखील सुटावयाचे नाही. त्याच रस्त्यावर दुसरा दुकानदार आहे. त्याचा परवाना जुना असून नूतनीकरणासाठी त्यानेही अर्ज केला आहे. दोन्ही अर्ज एकाच टेबलावर पडून राहिले. दुसऱ्याचे काहीच बिघडत नाही. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज गेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू राहतो, अशी कायद्याची तरतूद आहे. पहिला मात्र रोज रात्री अकरा वाजता दिवे मालवतो आणि समोरच्या दुकानापुढे लागलेली रांग पाहत उभा राहतो. कचेरीचा विलंब सर्वांना सारखाच लागू असतो असे वरवर वाटते. प्रत्यक्षात तो नवागताच्या वाट्याला येतो, आणि बाजारात ज्यांचे पाय आधीच रोवलेले आहेत त्यांना त्याचा लाभ मिळतो. यात कोणाचा दुष्ट हेतू असावाच लागतो असे नाही, आणि म्हणूनच तो उघडकीस आणणे कठीण जाते.

कौन्सिलची बाजूही समजून घेतली पाहिजे. अर्ज आला की त्याची प्रत पोलीसप्रमुखाकडे पाठवावी लागते, जागेचा प्रश्न असेल तर अग्निशमन दलाकडेही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हरकती नोंदविण्यास अवधी द्यावा लागतो. कोणी हरकत घेतली तर उभयपक्षांना ऐकून घ्यावे लागते. ऐकणारी समिती निवडून आलेल्या सभासदांची असते. ती ठरल्या दिवशी भरते, सुटीच्या काळात भरत नाही, आणि तिच्यापुढील कार्यक्रमपत्रिका आधीच भरलेली असते. टॅक्सीच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. टॅक्सींची संख्या मर्यादित राखण्यासाठी परवाना नाकारावयाचा तर लोकांची लक्षणीय गरज अपुरी राहिलेली नाही, अशी कौन्सिलची खात्री पटावी लागते. अशी खात्री अंदाजाने करून चालत नाही. पाहणी करावी लागते, आणि पाहणीला वेळ लागतो. तेव्हा प्रत्येक विलंब हा आळस असतो असे मानणे अन्यायाचे होईल. काही अर्ज खरोखरच गुंतागुंतीचे असतात. प्रश्न एवढाच की विलंब रास्त आहे की नाही हे कोणी ठरवावयाचे? ज्याच्याकडून विलंब होतो त्यानेच का?

कायद्याच्या तिसऱ्या कलमाने याचे उत्तर दिले आहे. अर्ज आल्यापासून तीन महिन्यांच्या आत कौन्सिलने तो विचारात घेतला पाहिजे आणि ठरावीक मुदतीत अंतिम निर्णय दिला पाहिजे. ही मुदत पुरणार नाही असे कौन्सिलला वाटले तर ती टळण्यापूर्वीच त्याने शेरीफपुढे जाऊन वाढ मागावयाची. शेरीफला योग्य कारण दिसले तर त्याला उचित वाटेल तितकी वाढ तो देतो. या कामात पक्षकार म्हणून उभे राहण्याचा अर्जदाराला हक्क आहे. मुदत उलटून गेली, वाढही मागितलेली नाही, तर परवाना दिला गेला असे कायदा मानतो, आणि तो एक वर्षापर्यंत अमलात राहतो.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. मुंबईच्या लोकांना शेरीफ म्हटले की शहरातील एखाद्या मान्यवर गृहस्थाला लाभणारे शोभेचे पद आठवते. स्कॉटलंडमधील शेरीफ हा न्यायाधीश असतो. जिल्ह्याजिल्ह्यांतून त्याचे न्यायालय भरते, लहानमोठे दिवाणी आणि फौजदारी दावे त्याच्यापुढे चालतात, आणि या पदाची परंपरा बाराव्या शतकापर्यंत मागे जाते. सामान्य स्कॉटिश माणसाला न्यायालय म्हणून जे ठाऊक असते ते हेच. मुदतवाढीचे काम एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयाकडे न सोपवता या जवळच्या न्यायाधीशाकडे सोपविण्यात कायदा करणाऱ्यांनी व्यवहारज्ञान दाखविले, असे म्हणावयास हरकत नाही. तळणाच्या दुकानासाठी कोणी राजधानीत बॅरिस्टर उभा करावयाचा नाही.

परवाना दिला असे मानण्याच्या या तरतुदीची स्तुती पुष्कळ होते. तिच्यातील उणीव मात्र फारशी बोलली जात नाही. कौन्सिल गप्प राहिले म्हणून अर्जदाराला परवाना मिळाला, हे ठीक झाले. पण ज्या शेजाऱ्याने रात्रीच्या गोंगाटाबद्दल हरकत नोंदविली होती त्याचे काय? त्याचे म्हणणे कोणी ऐकलेच नाही. चूक कौन्सिलची, आणि झोपमोड शेजाऱ्याची. शिवाय त्या विशिष्ट जागेला साजेशा अटी विचारपूर्वक घालण्याची संधीही कौन्सिलच्या हातून जाते. परवाना एका वर्षापुरताच ठेवण्यामागे हा विचार असावा. उपद्रव झाला, अटी मोडल्या किंवा परवानाधारक योग्य व्यक्ती नाही असे आढळले, तर तो स्थगित करण्याचा अधिकार कौन्सिलकडे राहतोच. तरीसुद्धा, दोन वाईट गोष्टींपैकी एक पत्करावयाची असेल तर मुका विलंब अधिक वाईट, असा निवाडा कायद्याने केला, आणि तो योग्य वाटतो. शेजाऱ्याला निदान तक्रार नेण्यास जागा उरते. निर्णयाविना ताटकळणाऱ्याला तीही नसते.

आता खरी झुंज कोठे होते ते पाहू जावे तर ती बहुधा तारखेवर होते. मुदत मोजावयाची ती अर्ज केल्याच्या दिवसापासून. मग अर्ज केला असे केव्हा म्हणावयाचे? कागद खिडकीवर दिले तेव्हा, की शुल्क जमा झाले तेव्हा, की कारकुनाने मागितलेला शेवटचा नकाशा जोडला तेव्हा? अर्ज अपुरा आहे असे म्हणून तो परत करणे हे कधी कधी न्याय्य असते. कधी कधी ती घड्याळाचा काटा मागे फिरविण्याची युक्तीही असू शकते. म्हणून जाणता वकील अशा अर्जदाराला कलमे सांगण्याआधी पोचपावती विचारतो. कोणत्या दिवशी काय दिले आणि कोणत्या पत्राने काय मागितले गेले, याची तारीखवार टिपणे ज्याने ठेवली त्याचे अर्धे काम तेथेच झालेले असते.

जेथे असा तंटा उभा राहतो तेथे शेरीफची सत्ता अपुरी पडते. मुदत टळली आहे असे अर्जदार म्हणतो आणि कौन्सिल ते नाकारते. किंवा नवी पाहणी पुरी होईपर्यंत कोणताही नवा अर्ज हातीच घ्यावयाचा नाही असे कौन्सिलने ठरवून टाकलेले असते. किंवा मौनाने परवाना मिळण्याची सोय नसलेल्या दुसऱ्याच एखाद्या कायद्याखाली परवाना मागितलेला असतो. अशा वेळी एडिंबरोच्या कोर्ट ऑफ सेशनकडे जावे लागते. आपल्याकडील सेशन्स कोर्टाशी या नावाची गल्लत होता कामा नये. १५३२ साली स्थापन झालेले हे न्यायालय दिवाणी बाबतींत स्कॉटलंडमधील सर्वोच्च न्यायालय होय. त्यावरील अपील लंडनला जाते. १७०७ साली स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची पार्लमेंटे एक झाली, पण हे न्यायालय पुढेही राहील अशी हमी त्या करारातच घातलेली होती. आज ते ज्या वास्तूत भरते ती स्कॉटलंडच्या जुन्या पार्लमेंटची वास्तू आहे.

भारतीय वाचकाला परमादेश म्हणजे मँडॅमस हा शब्द परिचित आहे. उच्च न्यायालयाने अधिकाऱ्याला तुझे कर्तव्य कर असे बजावावयाचे, ही कल्पना आपल्या संविधानात इंग्लंडच्या कायद्यातून आली. स्कॉटलंडमध्ये मात्र हे इंग्लिश प्राधिलेख कधीच नव्हते. तेथे हेच काम निराळ्या वाटेने होत आले. कायद्याने लादलेले कर्तव्य पार पाडण्याचा आदेश देण्याची सत्ता १८६८ च्या कोर्ट ऑफ सेशन कायद्याच्या ९१ व्या कलमात होती. १९८८ च्या कायद्यात ती ४५ व्या कलमात आली. आदेश न पाळल्यास दंड, किंबहुना मूळ कायद्याशी विसंगत नसेल तर कारावासदेखील, असे त्या कलमाचे शब्द आहेत. कौन्सिलच्या कोणा अधिकाऱ्याला परवान्यापायी तुरुंग पाहावा लागेल असे कोणीही समजत नाही. पण शब्द तेथे आहेत, आणि त्यांचे वजन पडते.

सत्ता जुनी असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट दीर्घकाळ खडतर होती. हॅमिल्टन जिल्हा कौन्सिलविरुद्ध एका बेघर माणसाने शेरीफ कोर्टात दावा लावला, आणि तो लढत लढत हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. तेथे १९८२ च्या अखेरीस ठरले की कौन्सिलच्या असल्या निर्णयावर देखरेख करण्याची सत्ता शेरीफला नसून केवळ कोर्ट ऑफ सेशनला आहे. एवढी मजल मारून त्या माणसाला कळले काय, तर आपण चुकीच्या दारात उभे होतो! परंतु त्याच प्रकरणात लॉर्ड फ्रेझर यांनी अशा तक्रारींसाठी एखादी सोपी आणि जलद कार्यपद्धती स्कॉटलंडमध्ये असावी असे सुचविले. लॉर्ड डनपार्क यांच्या नेतृत्वाखालील गटाने तिचा आराखडा केला, आणि १९८५ पासून न्यायिक पुनर्विलोकनाची याचिका हा स्वतंत्र प्रकार त्या न्यायालयाच्या नियमांत आला. २०१५ पासून त्यावर आणखी एक फाटक बसले. तक्रारीचे कारण घडल्यापासून सामान्यतः तीन महिन्यांच्या आत याचिका करावी लागते, आणि ती पुढे चालविण्यासाठी न्यायालयाची अनुमती लागते. याचिकाकर्त्याचा पुरेसा संबंध आहे काय आणि यशाची खरीखुरी शक्यता आहे काय, हे तेव्हा तपासले जाते. विलंबाविरुद्ध तक्रार करणाऱ्यालाच मुदतीचा बडगा दाखवावा, यातील विनोद कायदेपंडितांच्याही नजरेतून सुटलेला नसावा. जी चूक रोज चालू आहे तिचे कारण नेमके कोणत्या दिवशी घडले?

न्यायालय काय करू शकते याबद्दल अवास्तव आशा बाळगू नये. परवाना द्या असे ते सहसा सांगत नाही. निर्णय करा असे सांगते. १९९२ च्या एका महत्त्वाच्या निकालपत्रात लॉर्ड प्रेसिडेंट होप यांनी ही मर्यादा स्पष्ट केली: ज्याच्याकडे निर्णय सोपविला आहे त्याच्या जागी न्यायालयाने स्वतः बसावयाचे नाही, तो आपल्या अधिकाराच्या कक्षेत वागतो की नाही एवढेच पाहावयाचे. म्हणजे याचिका जिंकून आलेल्या अर्जदाराला दुसऱ्याच आठवड्यात रीतसर नकार मिळू शकतो. मग यात त्याने मिळविले काय? त्याला कारणे मिळाली. कारणे लेखी मागता येतात, आणि २८ दिवसांत शेरीफकडे अपील करता येते. कायद्याची चूक, वस्तुस्थितीची चूक, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा अधिकाराचा अवाजवी वापर, यांपैकी काही दाखविता आले तर शेरीफ तो निर्णय फिरवू शकतो किंवा कौन्सिलकडे परत धाडू शकतो. मौनाची भिंत पडली की पुढे निदान एक दार दिसते.

विलंब स्वतःच बेकायदेशीर ठरू शकतो, या तत्त्वाची उभारणी करताना ज्या खटल्याचा वारंवार उल्लेख होतो त्याचा धागा मुंबईपर्यंत येतो. १९७५ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयापुढे, लॉर्ड डेनिंग अध्यक्ष असताना, मुंबईहून पतीकडे गेलेल्या एका स्त्रीचे प्रकरण आले. वास्तव्याच्या हक्काचा दाखला ती मागत होती; परत भारतात जा आणि तेथल्या लांबलचक रांगेत उभी राहा, असे तिला सांगण्यात आले होते. ज्याचा हक्क कायद्याने मान्य केला आहे त्याला अकारण ताटकळत ठेवणे म्हणजे हक्क नाकारणेच होय, असे न्यायालयाने धरले आणि अर्जाचा विचार करण्याचा आदेश दिला. न्याय विकणार नाही, नाकारणार नाही आणि लांबविणारही नाही, हे मॅग्ना कार्टातील जुने वचन तेव्हा पुन्हा उच्चारले गेले. हा निकाल इंग्लंडचा. स्कॉटलंडवर तो बंधनकारक नाही, पण तेथील वकिलांना तो परका नाही. त्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाची भर पडली. १९८९ साली स्वीडनमधील एका उपाहारगृहाच्या मद्यपरवान्याच्या प्रकरणात, चालू धंद्याचा परवाना हा नागरी हक्काचा विषय आहे असे त्या न्यायालयाने मानले. आणि नागरी हक्काचा निवाडा वाजवी काळात झाला पाहिजे हे त्या करारातच लिहिलेले आहे.

व्यवहारात मात्र बहुतेक तंटे निकालपत्रापर्यंत जाऊ नयेत हेच स्वाभाविक. वकिलाचे पत्र जाते: अमुक दिवशी अर्ज दिला, अमुक दिवशी मुदत टळली, इतक्या दिवसांत उत्तर न आल्यास याचिका दाखल होईल. ज्या समितीला कित्येक महिने वेळ नव्हता तिला अशा पत्रानंतर वेळ सापडतो. याचिका दाखल झाल्यावर कौन्सिलने निर्णय केला तर मूळ तक्रार उरत नाही, उरतो तो खर्चाचा वाद. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम. पण येथे जिंकले कोण? या भीतीनेच लहान धंद्याचा माणूस पुष्कळदा मागे सरतो.

खर्चाचा भार अनेकांनी वाटून घेतला तर काय होते हे एडिंबरोत २०२३ साली दिसले. २०२२ च्या आदेशाने पाहुण्यांना अल्पकाळ घरे भाड्याने देण्याचा धंदा त्याच १९८२ च्या कायद्याखाली आला. जुन्या यजमानांच्या अर्जांसाठी १२ महिने आणि नव्यांसाठी ९ महिने, अशा मुदती तेव्हा ठेवल्या गेल्या. सामाईक जिन्याच्या इमारतींतील अशा घरांना परवाना सहसा मिळू नये असे धोरण एडिंबरोच्या कौन्सिलने आखले. त्याविरुद्धच्या याचिकेवर जून २०२३ मध्ये लॉर्ड ब्रेड यांनी निकाल दिला आणि तो प्रतिकूल गृहीतपक्ष बेकायदेशीर ठरविला. हे प्रकरण विलंबाचे नव्हते, परंतु याचिकेमागे लोकवर्गणी उभी होती. कौन्सिलची बाजूही पोकळ नव्हती. राहत्या शहरातील घरे पाहुण्यांच्या हाती जाऊ लागली की भाडेकरूंनी कोठे जावयाचे, ही त्याची चिंता खरी होती, आणि ती या निकालाने मिटलेली नाही.

राहता राहिला गेलेल्या दिवसांचा हिशेब. अर्ज पडून असताना बुडालेली कमाई कौन्सिलकडून वसूल करणे फार कठीण आहे. केवळ कारभारातील ढिलाईबद्दल नुकसानभरपाई द्यावी असा सर्वसाधारण नियम तेथे नाही. २००२ च्या कायद्याने नेमलेल्या सार्वजनिक सेवांच्या लोकपालाकडे गैरकारभाराची तक्रार विनाखर्च नेता येते. तो चौकशी करतो, दोष दाखवितो, शिफारस करतो. बंद दाराआड गेलेल्या रात्रींची विक्री मात्र त्या दुकानदाराच्या वहीत कोरीच राहते, आणि भाड्याची रक्कम तेवढी दर महिन्याला खर्ची पडलेली असते.